सोळाव्या अंकापुढे

नागझिरा मराठी वाचकाच्या घरात पोचला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकातून. गोंदिया जिल्ह्यातले हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नवीन नागझिरा आणि कोका ही शेजारची क्षेत्रे जोडून त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पाचवा. गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरचे, पण वाघ मोजकेच. जय नावाचा नर इथलाच. तो जंगल सोडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि तिथे देशभर गाजला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी मुद्दाम आणून इथे सोडल्या, गळ्यात उपग्रहाशी बोलणाऱ्या कॉलर बांधून. बाहेरून वाघीण आणायची का, किती आणायच्या, कोणत्या भागात सोडायच्या, या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी एकच आकडा असतो: आत्ता इथे वाघ किती आहेत? हा आकडा कोणी बोटावर मोजून सांगत नाही. तो गणिताने काढावा लागतो, आणि ते गणित संगणकाच्या पोटात घडते. या प्रकरणात वाघांपेक्षा त्या पोटातल्या अंकांकडे अधिक लक्ष द्यायचे आहे. संगणकाची नेहमीची आकडेमोड जवळजवळ सोळा अंकांपर्यंत खरी असते. त्यापलीकडे पन्नास, शंभर, हजार अंकांपर्यंत आकडेमोड करणारी साधने आज फुकट मिळतात. जंगलातल्या मोजणीत मुळात दोन-तीन अंकसुद्धा पक्के नसतात, मग तिथे या साधनांचे काम काय? माझे म्हणणे असे की त्यांचे खरे काम तिथेच आहे. जादा अंक उत्तराची शेपटी लांबवायला लागत नाहीत. हाती आलेल्या उत्तरातले कोणते अंक जंगलाने दिले आणि कोणते यंत्राने स्वतःच्या मनाने घातले, हे वेगळे करायला ते लागतात.

आधी यंत्राची अडचण पाहू. संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत ठेवतो. १९८५ मध्ये विल्यम काहान यांच्या पुढाकाराने ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाने सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एक शिस्त लावली. त्या कामासाठी काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या मानकातल्या ‘डबल प्रिसिजन’ संख्येला ५३ द्विमान स्थाने असतात, म्हणजे दशमानात सुमारे सोळा सार्थ अंक. ‘सिंगल’ला २४ स्थाने, म्हणजे सातेक अंक. या चौकटीत न मावणारी संख्या जवळच्या मावणाऱ्या संख्येवर नेऊन बसवली जाते. शाळेत जिला आसन्न किंमत म्हणतात तीच ही. मात्र कोणती संख्या मावते आणि कोणती नाही, हे आपल्या दशमान सवयीशी जुळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाठ केलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी घ्या. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन या सगळ्या संख्या द्विमानात तंतोतंत मावतात, कारण त्यांचे छेद दोन किंवा चार आहेत. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते तोवर आणा-पैशाचा हिशेब संगणकाने एका कणाचीही चूक न करता केला असता. फक्त पै, म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग, त्याला नडली असती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला, पण एक दशांश ही साधी संख्याही द्विमानात कधीच पुरी लिहून होत नाही. डबलमध्ये ०.१ म्हणून जे साठवले जाते त्यात अठराव्या दशांशस्थळी ५ उगवतो. चूक अतिसूक्ष्म आहे, पण ती पहिल्याच पावलावर आहे, मोजणी सुरू होण्याआधीची.

आता ही चूक जंगलात नेऊ. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांत कॅमेरे लावले गेले. प्रत्येक जागी समोरासमोर दोन, कारण वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगळे असतात. देशभरात २६,८३८ जागा होत्या. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यांत वाघाचे ७६,६५१, आणि पट्ट्यांवरून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. पुढच्या गणितात कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांमधले अंतर लागते, कारण एकच वाघ किती लांबच्या दोन कॅमेऱ्यांत आला यावरून त्याच्या वावराचा पल्ला कळतो. दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनाची बाजू १.४१ किलोमीटर, म्हणजे शेजारच्या दोन चौकोनांच्या मध्यांमधले अंतरही तेवढेच. अक्षांश-रेखांशावरून अंतर काढायचे एक जुने सूत्र गोलीय त्रिकोणमितीतले आहे: पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनाची कोज्या काढायची आणि तिच्यावरून कोन. सूत्र निर्दोष आहे. पण जवळच्या दोन बिंदूंमधला कोन फार लहान असतो आणि लहान कोनाची कोज्या जवळजवळ एक असते. आपल्या दोन कॅमेऱ्यांसाठी ती एकापेक्षा फक्त सुमारे अडीच भागिले दहा कोटी एवढी कमी आहे, म्हणजे ०.०००००००२५ इतकी. सिंगल प्रिसिजनमध्ये एकाच्या अलीकडची पहिली मावणारी संख्या एकापेक्षा सुमारे ०.०००००००६ ने कमी असते. अडीच हे सहाच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून यंत्र कोज्येला सरळ एकावर नेऊन बसवते. कोन शून्य, अंतर शून्य.

ही एखाद्या मीटरची गफलत नव्हे. बाकी सर्व पायऱ्या बिनचूक झाल्या आणि राउंडिंग फक्त शेवटी झाले असे यंत्राच्या बाजूने धरले, तरी सिंगलमधले हे सूत्र सुमारे दीड किलोमीटरच्या आतले प्रत्येक अंतर शून्य सांगते. शून्यानंतर त्याला माहीत असलेले पुढचे अंतर २.२ किलोमीटर, त्यापुढचे ३.१, मग ३.८, मग ४.४. मधली अंतरे त्याच्या जगात नाहीतच. आणि गंमत अशी की मूळ नोंदीत काहीच दोष नाही. नागझिऱ्याचा रेखांश ८० च्या आसपास आहे; तिथे सिंगलमधल्या लागोपाठच्या दोन संख्यांत जमिनीवर पाऊण-एक मीटरचे अंतर पडते. जीपीएसची स्वतःची चूक काही मीटरची असते, म्हणजे साठवण पुरेशी बारीक आहे. बिघाड साठवणीत नाही, वाटेत आहे: मीटरभर नेमकी माहिती आत गेली आणि दीड किलोमीटरपर्यंतची चूक घेऊन बाहेर आली. कोणी म्हणेल, आज सिंगल वापरतो कोण? मोबाइलची ॲप, ग्राफिक्स कार्ड आणि कमी विजेवर चालणारी छोटी यंत्रे सर्रास वापरतात. मूळ आर्डुइनो उनो या विद्यार्थीप्रिय बोर्डावर प्रोग्रॅममध्ये ‘डबल’ असे लिहिले तरी प्रत्यक्षात मिळते ते सिंगलच.

या रोगावर दोन औषधे आहेत. एक म्हणजे अंक वाढवणे: तेच सूत्र डबलमध्ये चालवले तर कॅमेऱ्यांमधले अंतर मिलिमीटरच्याही आत बरोबर येते. दुसरे म्हणजे सूत्र बदलणे. दर्यावर्दी लोक वापरत आलेले हॅव्हरसाइन सूत्र एकाच्या जवळची संख्या मध्ये येऊच देत नाही. ते लहान फरकाचा वर्ग लहानच ठेवते. रॉजर सिनॉट यांनी १९८४ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात नेमक्या याच कारणासाठी त्याची शिफारस केली होती. त्या सूत्राने सिंगलमध्येही उत्तर मीटरभराच्या फरकाने येते. दुसरे औषध सरस आहे, यात वाद नाही. ते स्वस्त आहे आणि रोगाच्या मुळावर घाव घालते. पण रोग आहे हे आधी कळायला हवे. सूत्र गणिताच्या पुस्तकात बरोबर आहे, प्रोग्रॅममध्ये टंकनाची चूक नाही, आणि संगणक कुठलाही इशारा देत नाही. कळण्याचा साधा उपाय एकच: तेच सूत्र, त्याच नोंदी, पण अंक दुप्पट-तिप्पट घेऊन पुन्हा चालवायचे आणि उत्तरे शेजारी ठेवायची. १.४१ च्या शेजारी शून्य दिसले की बाकी काही सांगावे लागत नाही.

इथे पहिला आणि वजनदार आक्षेप येतो. जंगलातली माहिती मुळातच ओबडधोबड असते. कॅमेरा पावसात भिजतो, वाघ वाट बदलतो, फोटो हलतो. देशभरच्या ज्या उत्तरात साडेतीनशेहून जास्त वाघांची मागेपुढे मुभा आहे, त्याला सोळा अंकही जास्तच. अमेरिकेची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा ग्रहांकडे याने पाठवतानाही पायचे पंधराच दशांश वापरते. आक्षेपातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. मूळ माहितीतली चूक आणि आकडेमोडीतली चूक यांची तुलना आकाराने करून चालत नाही, कारण आकडेमोडीतली चूक वाटेत फुगते. कॉलर लावलेल्या वाघिणीच्या जागांचा पसारा मोजायचा आहे असे धरा. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत नागझिरा ४४ व्या पट्ट्यात येतो आणि तिथली उत्तरेकडची मोजणी विषुववृत्तापासून सुमारे साडेतेवीस लाख मीटर भरते. पसारा काढायची पाठ्यपुस्तकी रीत अशी: वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा. साडेतेवीस लाखांचा वर्ग साडेपाच लाख कोटींच्या घरात जातो. सिंगलमध्ये त्या उंचीवर लागोपाठच्या दोन संख्यांत ५,२४,२८८ चौरस मीटरचे अंतर असते. बारक्या पिल्लांमुळे वाघीण थोडक्या जागेतच फिरते आहे आणि तिच्या जागांचे प्रमाण विचलन समजा ७०० मीटर आहे, तर ज्या संख्येच्या शोधात आपण निघालो ती आहे ४,९०,०००, म्हणजे यंत्राच्या एका पायरीपेक्षाही लहान. उत्तर शून्य येईल, पाच लाख येईल किंवा ऋणही येईल. पसारा ऋण असू शकत नाही हे यंत्राला ठाऊक नाही. कॉलरची नोंद काही मीटरने चुकते म्हणून हे घडले असे कोणीच म्हणू शकणार नाही. नोंदी देवाने स्वतः दिल्या असत्या तरी हेच घडले असते. इथेही शहाणी रीत आहे: आधी जवळचा एक बिंदू शून्य धरून सगळ्या जागा त्याच्या तुलनेत मांडायच्या, किंवा वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये दिलेल्या पद्धतीने सरासरी आणि पसारा बरोबरीने पुढे न्यायचे. आणि इथेही रोग ओळखण्याचे काम जादा अंकांचेच.

डबल वापरला की या दोन्ही अडचणी संपतात. मग डबल पुरेसा नाही का? बहुतेक वेळा आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पण वाघांच्या संख्येचे खरे गणित याहून खोल जाते. डॉ. उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेऱ्याने वाघ मोजायची रीत रुजवली. पुढे मरे एफर्ड आणि इतरांनी तिला जागेची जोड दिली: प्रत्येक वाघाच्या वावराला एक केंद्र असते, आणि कॅमेरा त्या केंद्रापासून जितका लांब तितकी फोटो येण्याची शक्यता कमी. वाघांची घनता अमुक असती तर नेमके हेच फोटो, याच रात्री, याच कॅमेऱ्यांत येण्याची शक्यता किती, हे काढायचे, आणि ही शक्यता सर्वाधिक करणारी घनता हा आपला अंदाज. हजारो कॅमेरा-रात्रींच्या शक्यता एकमेकींशी गुणल्या की गुणाकार कल्पनेपलीकडे लहान होतो. डबलला लहानपणाची मर्यादा आहे: दशांशचिन्हानंतर तीनशे तेवीस शून्यांच्या आसपास त्याची जमीन संपते. ०.१ ला ०.१ ने गुणत गेलात तर ३२४ व्या घटकापाशी उत्तर निखळ शून्य होते. ०.९ ने गुणत गेलात तर त्याहून विचित्र घडते: संख्या अगदी तळाशी पोचते, तिथे प्रत्येक गुणाकाराचे राउंडिंग तिला पुन्हा त्याच किमतीवर आणून ठेवते, आणि ती कायमची अडकून बसते. खरी किंमत घसरतच असते, यंत्राची हलत नाही. म्हणून या क्षेत्रातले सर्व प्रोग्रॅम गुणाकाराऐवजी लॉगॅरिदमची बेरीज करतात. हीदेखील सूत्र बदलण्याचीच युक्ती, आणि ती उत्तम चालते.

जिथे युक्ती अपुरी पडू लागते ती जागा म्हणजे अंदाजाची मुभा. २०१८ च्या गणनेत देशात २,९६७ वाघ असल्याचे जाहीर झाले आणि सोबत २,६०३ ते ३,३४६ अशी कक्षा दिली गेली. माझ्या मते त्या अहवालातला अधिक मोलाचा भाग ही कक्षा आहे. एकटा आकडा बातमीला पुरतो, निर्णयाला कक्षा लागते. आता शक्यतेचा आलेख टेकडीसारखा डोळ्यांसमोर आणा: माथा म्हणजे अंदाज, आणि माथ्याजवळ उतार किती झटकन सुरू होतो त्यावर मुभा ठरते. टोकदार माथा, अरुंद कक्षा. पसरट माथा, रुंद कक्षा. ही वक्रता काढायला बहुतेक प्रोग्रॅम माथ्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीक पाऊल टाकून उंची पाहतात आणि उंचीतला फरक पावलाच्या वर्गाने भागतात. लॉगॅरिदमची बेरीज उणे अडीच हजार असेल तर तिथे डबलची एक पायरी ४.५ भागिले दहा लाख कोटी इतकी बारीक असते. ऐकायला हे पुरेसे वाटते. पण पाऊल एक दशलक्षांश घेतले तर त्याचा वर्ग एक भागिले एक लाख कोटी. त्याने भागताच ती बारीक पायरी फुगून जवळजवळ अर्ध्या एककाची होते, आणि हजारो पदांच्या बेरजेत साठलेले राउंडिंग धरले तर कित्येक एककांची. मोजके वाघ असलेल्या जंगलात वक्रता स्वतःच आठ-दहा एककांची असू शकते. म्हणजे कक्षेतला मोठा वाटा जंगलाचा नसून पावलाचा. पाऊल मोठे घेतले तर ही चूक घटते, पण वक्रता दूरपर्यंत सारखीच धरल्याची दुसरी चूक वाढते. चांगले प्रोग्रॅम मधले पाऊल शोधतात आणि सामान्यतः ते नीट निभावते. तरीही जिथे एकाच वाघाचे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतले फोटो थोडे, तिथे माथा एखाद्या दिशेने सपाटीकडे झुकतो, आणि सपाट माथ्यावर निभावले की नाही हे त्या प्रोग्रॅमच्या उत्तरावरून कळत नाही.

यासाठीच जादा अंकांची साधने. त्यांची कूळकथा थोडक्यात अशी. टॉर्ब्यॉन ग्रानलुंड यांनी १९९१ मध्ये जीएमपी हे कितीही मोठ्या पूर्णांकांचे ग्रंथालय खुले केले. त्यावर फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी, पॉल झिमरमन हे त्यांतले ठळक नाव, २००० च्या सुमारास एमपीएफआर उभारले. एमपीएफआरचे वैशिष्ट्य अंकांच्या संख्येत नाही, ते शपथेत आहे: तुम्ही जितके अंक मागाल तितक्यांचे शेवटच्या स्थानापर्यंत नियमाप्रमाणे राउंडिंग केलेले उत्तर मिळेल, मग ती बेरीज असो, ज्या असो की लॉगॅरिदम, आणि यंत्र कोणतेही असले तरी उत्तर तेच. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा कंपायलर प्रोग्रॅममधल्या स्थिर राशी काढायला स्वतः एमपीएफआरवर विसंबतो. वन्यजीव-संख्याशास्त्रातले बरेच काम आर या भाषेत होते. तिच्यात मार्टिन मेखलर यांच्या आर-एमपीएफआर पॅकेजने हीच सोय आणली आहे. पायथनवाल्यांसाठी फ्रेडरिक योहान्सन यांचे एमपीमॅथ आहे. वरचे वक्रतेचे गणित पन्नास अंकांत केले तर पाऊल एक भागिले एक लाख कोटी इतके बारीक घेता येते आणि तरीही उत्तरातले वीसेक अंक शाबूत राहतात. ती वीस अंकी वक्रता कुठल्याही अहवालात छापायची नाही. नेहमीच्या प्रोग्रॅमच्या उत्तराशेजारी ती ठेवायची आणि पहिले तीन अंक जुळतात का एवढे पाहायचे.

दुसरा आक्षेप या साधनांच्या जाणकारांकडूनच येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक अडवणारा वाटतो. अंक वाढवून उत्तर बदलले नाही म्हणजे ते बरोबर, हे कशावरून? झीगफ्रीड रुम्प यांनी १९८८ मध्ये एक साधी दिसणारी राशी मांडली. तिच्यात ७७,६१७ आणि ३३,०९६ या दोन संख्या घालायच्या. घातांक, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, एक भागाकार, बस्स. त्या काळच्या आयबीएम यंत्रावर सिंगलमध्ये उत्तर आले १.१७२६०३. डबलमध्येही १.१७२६०३, पुढचे अंक भरून. त्याहून मोठ्या विस्तारित रूपातही तेच. दोन वेळा अंक वाढवले, तिन्ही उत्तरे जुळली. खरे उत्तर आहे उणे ०.८२७३९६. चिन्हसुद्धा चुकले. आतल्या पदांची उंची छत्तीस शून्यांपलीकडे जाते आणि ती एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात. उरते ते बारीक टोक, आणि ते पाहायला सदतीस-अडतीस अंक हवेत. तोवर त्या यंत्राची तिन्ही रूपे एकाच चुकीवर एकमत करतात. म्हणून नुसती जुळणी हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण या आक्षेपाला उत्तरही याच कुळातून मिळाले आहे. योहान्सन यांच्याच आर्ब या ग्रंथालयात, जे आता फ्लिंट या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे, प्रत्येक संख्या आपल्या चुकीची हद्द सोबत घेऊन चालते: मधली किंमत आणि तिच्याभोवती किती त्रिज्येत खरी किंमत असलीच पाहिजे ती मर्यादा. प्रत्येक क्रियेबरोबर ती त्रिज्या वाढत जाते. रुम्पची राशी सोळा अंकांत आर्बला दिली तर ते १.१७ असे छातीठोक सांगत नाही. मधल्या किमतीभोवती प्रचंड मोठी त्रिज्या दाखवते, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’ हे गणिताच्या भाषेत कबूल करते. मग अंक वाढवायचे, त्रिज्या मनाजोगी आक्रसेपर्यंत. यंत्राला आपले अज्ञान सांगता येणे ही या क्षेत्रातली मला सर्वांत मोठी प्रगती वाटते.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. जग उलट्या दिशेने निघाले आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सोळा द्विमान स्थानांवर, आठावर, त्याहूनही कमीवर चालतात. व्याघ्रगणनेतले कोट्यवधी फोटो प्राण्यांनुसार वेगळे करायला २०१८ पासून कॅट्रॅट या प्रणालीत अशाच बुद्धिमत्तेची मदत घेतली जाते. तिथे कमी अंक चालतात हे बरोबरच आहे. फोटोत चितळ आहे की वाघ, या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या दशांशाने बदलत नाही, आणि ओळख चुकली तर माणूस पुन्हा पाहून दुरुस्त करू शकतो. पण त्या फोटोंवरून पुढे निघणारी घनता आणि तिची कक्षा माणसाला डोळ्यांनी तपासता येत नाही. साखळीची पहिली कडी जितकी स्वस्त आणि वेगवान होत जाईल, तितकी तपासणीची गरज शेवटच्या कडीवर येऊन साठेल. आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. पुणे जिल्ह्यात खोडदला असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. तिच्या नोंदी वापरून भारतीय पल्सार टायमिंग ॲरेचा गट पल्सार नावाच्या फिरत्या ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ पाहतो, आणि २०२३ च्या जूनमध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे युरोपीय सहकाऱ्यांसोबत त्याने जाहीर केले. सेकंदाला पाचशे गिरक्या घेणारा पल्सार वीस वर्षांत तीस हजार कोटींहून जास्त वेळा फिरतो, आणि शास्त्रज्ञांना शेवटच्या गिरकीचाही बारीकसा अंश हवा असतो. खगोलवेत्त्यांची दिवसगणना आज साठ हजारांच्या पुढे आहे. डबलमध्ये त्या संख्येजवळची एक पायरी ०.६ मायक्रोसेकंदाची, तर हवा असलेला नेमकेपणा त्याच्या सहाव्या भागाहून बारीक. म्हणून टेम्पो-२ आणि पिंट हे या कामाचे प्रोग्रॅम डबलच्या पुढचा लांब प्रकार वापरतात, तर ॲस्ट्रोपाय प्रत्येक वेळ दोन डबलांत विभागून ठेवते. खोडदला निसर्गच सतरा-अठरा अंक देतो, म्हणून यंत्राला ते सांभाळावे लागतात. तिथे जादा अंकांबद्दल कोणी शंका घेत नाही. नागझिऱ्यात निसर्ग दोनच अंक देतो, आणि ते दोन सांभाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी पन्नास लागतात. दुसरी गरज कोणाच्या नजरेत भरत नाही, एवढाच फरक.

राहिला खर्च. प्रोसेसरमध्ये डबलची बेरीज-गुणाकार थेट तारांत बांधलेली असते, तर एमपीएफआरची क्रिया प्रोग्रॅमने, तुकड्या-तुकड्याने करावी लागते. तीच आकडेमोड दहापट ते शंभरपट वेळ खाते. दोन डबल जोडून बत्तीसेक अंक मिळवण्याची डेकर यांची १९७१ ची रीत त्यातल्या त्यात स्वस्त, पण तीही फुकट नाही. देशभरच्या सव्वीस हजार जागांचे संपूर्ण गणित पन्नास अंकांत पुन्हा करा असे कोणी म्हटले तर ते अव्यवहार्य ठरेल, आणि त्याची गरजही नाही. तिथे माहिती भरपूर आहे, माथा टोकदार आहे. गरज आहे ती पसरट माथ्याच्या ठिकाणी, जिथे वाघ थोडे, फोटो थोडे आणि कक्षा रुंद. नेमक्या अशाच ठिकाणी गणितही लहान असते. नेहमीच्या प्रोग्रॅमने नागझिऱ्याएवढ्या जंगलाची घनता काही मिनिटांत काढली असेल, तर माथा पुन्हा न शोधता फक्त त्याच्याभोवतीची वक्रता पन्नास अंकांत काढणे साध्या लॅपटॉपला एका रात्रीत जमण्यासारखे आहे. बाहेरून वाघीण आणायची की नाही हा निर्णय ज्या कक्षेवर बेतलेला आहे, तिच्या दोन्ही टोकांची एवढी खातरजमा करून घेणे आज सहज हातात आहे.